ठिपका कोणी ठेवला?

बऱ्याच शनिवारांनी लिहितोय. आधी रिलीज होता, मग रिलीजमधले बग होते, मग ते बग काढताना झालेले नवे बग होते. असो. आज विषय जरा आडवाटेचा आहे: कॅनडाची जुनी नाणी. त्यातही राजे, राण्या, चांदी वगैरे नाही. एकाच देशाची, एकाच वर्षाची, एकाच किमतीची दोन नाणी शेजारी ठेवली तर त्यांच्यात कधीकधी केसाएवढा फरक सापडतो, त्या फरकाबद्दल. नाणी जमवणारे लोक त्याला 'डाय व्हरायटी' म्हणतात. एवढं वाचून जांभई आली असेल तर थोडं थांबा, यात आपल्या पंधरा ऑगस्टचाही एक धागा आहे. तो शेवटाकडे येईल.

या भानगडीत मी पडलो तो मागच्या हिवाळ्यात. ऑनसाइटला मिसिसागाला होतो. बाबांचे मोठे आतेभाऊ १९७४ पासून टोरोंटोच्या बाजूला राहतात. (मी त्यांना काका म्हणतो. आतेभावाच्या नात्याला इंग्रजीत 'कझिन वन्स रिमूव्ड' की काहीतरी म्हणतात; आपलं 'काका' बरं.) वीकेंडला बाहेर उणे अठरा, त्यामुळे मी त्यांच्याकडे पडीक. एका रविवारी काकू म्हणाली, "अरे, बेसमेंट आवरायचंय, जरा हात लाव." फडताळाखाली लोणच्याच्या दोन मोठ्या काचेच्या बरण्या निघाल्या. एकीत नुसते सेंट, दुसरीत पाच सेंट, दहा सेंट, पंचवीस सेंट, सगळी खिचडी.

काकांचं म्हणणं, पैसा फेकायचा नाही. खिशातली चिल्लर रोज संध्याकाळी बरणीत. कॅनडाने शेवटचा सेंट ४ मे २०१२ रोजी विनिपेगला पाडला आणि ४ फेब्रुवारी २०१३ पासून बँकांना सेंट देणंही बंद केलं. तेव्हापासून रोखीचा हिशेब पाच सेंटच्या पटीत करतात. काकांची सेंटची बरणी मात्र तशीच राहिली. "बँकेत नेऊन दे" असं काकू दहा वर्षं म्हणत होती म्हणे.

मी ती बरणी गालिच्यावर ओतली. इथून पुढे माझे अकरा वीकेंड गेले.

आता नाणं पाडतात कसं ते थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. कलाकार आधी ताटाएवढी मोठी प्रतिमा करतो. एक मशीन ती प्रतिमा चाचपत तिचीच नाण्याच्या मापाची प्रत पोलादात कोरतं. त्या प्रतीवरून उलटा साचा, उलट्यावरून पुन्हा सुलटा पंच, आणि तो पंच दाबून कामाचे उलटे डाय. छाप्याचा एक डाय, काट्याचा एक डाय, मधे धातूची कोरी चकती, वरून दणका. झालं नाणं. असे दणके एक डाय हजारो वेळा देतो, नंतरच्या काळात तर लाखो वेळा. मग तो झिजतो, तडकतो किंवा मोडीत जातो.

आमच्या धंद्यातल्या लोकांना हे लगेच कळेल. मूळ पंच म्हणजे सोर्स कोड, डाय म्हणजे बिल्ड आणि नाणी म्हणजे ग्राहकांकडे गेलेल्या प्रती. बिल्डमध्ये चूक असेल तर ती प्रत्येक प्रतीत, त्याच जागी, तशीच दिसणार. एकाच ग्राहकाच्या मशीनवर काहीतरी विचित्र दिसत असेल तर तिथे आपल्या कोडचा संबंध असेलच असं नाही. त्याने कीबोर्डवर चहा सांडला असेल.

माझं या विषयातलं एकुलतं एक मत याच्यावर उभं आहे, ते आत्ताच सांगून टाकतो. नाण्यावर काहीतरी वेगळं दिसलं की लोक आधी कॅटलॉग उघडतात आणि किंमत बघतात. हे उलटं आहे. आधी विचारायचं की हा फरक कुठल्या पायरीवर झाला? पंचावर, डायवर, दणक्याच्या क्षणी, की नाणं टांकसाळीतून बाहेर पडल्यावर? याचं उत्तर देता येत नसेल तर तुम्ही व्हरायटी ओळखलेलीच नाही, तुम्ही फक्त चित्र जुळवलंत. आणि चित्र जुळवणारा माणूस फसतो. कसा, ते मला चांगलं माहीत आहे.

सुरुवात मस्त झाली होती. सोनार वापरतात तसलं दहापट भिंग मागवलं, एक टेबल लॅम्प घेतला आणि १९७३ची पंचवीस सेंटची नाणी वेगळी काढली. त्या वर्षी कॅनडाच्या घोडदळ पोलिसांना शंभर वर्षं झाली म्हणून काट्याच्या बाजूला घोडेस्वार पोलीस होता. काकांना तो घोडा आवडायचा, म्हणून त्यांनी तशी नऊ नाणी जमवली होती. या नाण्यावर राणीचा चेहरा दोन मापांत येतो. लहान चेहऱ्याच्या नाण्यात कडेने १२० मणी असतात आणि ते कडेपासून जरा आत असतात. मोठ्या चेहऱ्याच्या नाण्यात १३२ मणी, कडेला चिकटून. मोठ्या चेहऱ्याचं नाणं दुर्मिळ. मी पहिल्या नाण्याचे मणी टाचणीच्या टोकाने मोजले, ९४ वर आलो तेव्हा काकूने चहाला हाक मारली, परत एकपासून सुरू. नंतर कळलं की मोजायची गरजच नसते, मणी आणि कड यांच्यातली जागा बघितली की पुरे. नऊच्या नऊ लहान निघाली. काकांना काही वाटलं नाही, घोडा सगळ्यांवर सारखाच होता.

पण ही जी १२० आणि १३२ ची गोष्ट आहे ना, ती मला निखळ वाटते. दोन वेगळे चेहरे, दोन वेगळे पंच. कोणीतरी ते मुद्दाम तयार केले. इथे नाण्याची झीज, रंग, ओरखडे यांचा काही संबंध नाही. झिजून गुळगुळीत झालेल्या नाण्यावरही तुम्ही ठामपणे सांगू शकता.

तसंच १९५३चं. एलिझाबेथ राणी झाली, मेरी गिलिक यांनी केलेलं चित्र नाण्यावर आलं. पण चित्राचा उठाव असा होता की खांद्यावरच्या वस्त्राची चुणी नाण्यावर नीट उमटेना. मग त्याच वर्षी ओटावाच्या टांकसाळीतले मुख्य खोदकामवाले थॉमस शिंगल्स यांनी ते दुरुस्त केलं आणि चुणी दिसायला लागली. त्यामुळे १९५३ची नाणी दोन प्रकारची: चुणीविना आणि चुणीसकट. (बरेच जण त्या चुणीला खांद्याचा पट्टा म्हणतात. पट्टा नाहीये तो.) आता गंमत अशी की सत्तर वर्षं खिशातून फिरलेल्या सेंटवर खांदा कुठला आणि चुणी कुठली! सगळं सपाट. तिथे अक्षरं कामाला येतात. राणीभोवतीच्या लेखात रोमन 'आय' शोधा. चुणीविना प्रकारात त्याची वरची-खालची टोकं फाकलेली दिसतात, चुणीवाल्यात तो जवळजवळ सरळ काठीसारखा. कारण दुरुस्ती करताना अक्षरंही बदलली. ज्याला कारण माहीत आहे त्याला झिजलेलं नाणंही बोलतं. ज्याला फक्त 'खांदा बघा' एवढंच माहीत आहे तो झिजलेल्या चुणीच्या नाण्याला चुणीविना समजतो आणि दोस्तांना फोटो पाठवतो.

आणि पुढे १९५५मध्ये काय झालं, तर काही सेंटना चुणीविना जुनाच डाय लागला. म्हणजे दोन वर्षांपूर्वी बाद केलेलं बिल्ड प्रॉडक्शनवर गेलं! हे वाचलं तेव्हा मी एकटाच मोठ्याने हसलो. ज्याने कधी शुक्रवारी संध्याकाळी चुकीच्या फोल्डरमधली फाइल सर्व्हरवर चढवली आहे, त्याला त्या ओटावाच्या माणसाबद्दल प्रेमच वाटेल. ते सेंट आज चांगलेच दुर्मिळ आहेत. बरणीत नव्हता. (पाहिलं. दोनदा पाहिलं.)

आता माझ्या फजितीकडे येतो.

तिसऱ्या वीकेंडला दुसऱ्या बरणीत १९४७चं पाच सेंटचं नाणं मिळालं. बारा कोनांचं, निकेलचं, बीव्हरवालं. आणि तारखेच्या शेजारी एक ठिपका! छोटासा, गोल, उठावाचा. मला दरदरून घाम फुटला, कारण आदल्याच रात्री मी ठिपक्यांबद्दल वाचलं होतं.

ठिपक्याची मूळ गोष्ट १९३६ची. पाचवा जॉर्ज जानेवारीत वारला, आठवा एडवर्ड गादीवर आला, आणि डिसेंबरात प्रेमप्रकरणापायी गादी सोडून गेला. नाण्यावर कोणाचं तोंड छापायचं? सहाव्या जॉर्जचे साचे लंडनहून येईपर्यंत ओटावाने १९३७च्या सुरुवातीला १९३६चेच, पाचव्या जॉर्जचे डाय वापरले, आणि ही पुढच्या वर्षीची नाणी आहेत हे कळावं म्हणून खाली एक बारीक ठिपका दिला. पंचवीस सेंटची अशी नाणी खरोखर चलनात आली. सेंटचं मात्र गूढ आहे. टांकसाळीच्या हिशेबात ठिपक्याचे ६ लाख ७८ हजारांवर सेंट आहेत आणि प्रत्यक्षात माहीत आहेत फक्त तीन. त्यातला एक जानेवारी २०१० मध्ये लिलावात ४ लाख डॉलरच्या वर गेला. एक सेंट!

आणि मग १९४७च्या काही पाच सेंट आणि पंचवीस सेंटच्या नाण्यांवरही तारखेपाशी एक ठिपका दिसतो. कॅटलॉगमध्ये तोही आहे, साध्या नाण्यापेक्षा बऱ्याच जास्त किमतीला.

मी वर धावत गेलो. "काका, ठिपका!" काका बातम्या बघत होते. मी त्यांना १९३६पासून सगळी कथा सांगितली, लॅपटॉपवर फोटो दाखवले. त्यांनी टीव्ही म्यूट केला. (हे सहसा होत नाही.) मग त्यांनी कॅलगरीला मुलीला फोन केला. मग नाशिकला भावाला. मग मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात मी पोचायच्या आधीच चार जणांना ठिपका माहीत होता. काका माझी ओळख "हा आमचा पुतण्या, नाण्यांतला एक्स्पर्ट" अशी करून देत होते. तीन आठवड्यांचा एक्स्पर्ट!

खरं सांगतो, त्या दिवसांत मला ते नाणं परत भिंगाखाली धरावंसं वाटलं नाही. टेस्ट पास झाली की आपण कोड परत उघडत नाही, तसं. आतून कुठेतरी माहीत होतं की मी फक्त फोटो जुळवलाय.

शेवटी काकांनीच सांगितलं म्हणून एका नाण्यांच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हातारा, शांत. त्याने नाणं तिरक्या उजेडात धरलं, विचारलं, "असिटोनमध्ये बुडवू का? निकेलला काही होत नाही." मी हो म्हटलं. त्याने काचेच्या वाटीत असिटोन ओतलं, नाणं टाकलं, माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या. पाच मिनिटांनी कापसाने हलकेच पुसलं.

ठिपका गेला.

करडा रंग होता तो. काकांनी कधीतरी बेसमेंटच्या फरशीला ऑइलपेंट दिला होता, बरणीला झाकण नव्हतं. माझा ४ लाख डॉलरचा चुलतभाऊ म्हणजे फरशीच्या रंगाचा शिंतोडा. दुकानदार हसला नाही, हे जास्त लागलं. तो एवढंच म्हणाला की असं पुष्कळ येतं, आणि पुढच्या वेळी ठिपका दिसला की तसाच ठिपका असलेलं दुसरं नाणं बघ, दोन्ही शेजारी ठेव.

दुसरं नाणं. बग रिपोर्ट आला की आम्ही पहिलं काय विचारतो? 'रिप्रोड्यूस होतो का?' होत नसेल तर तिकीट परत. सात वर्षं मी हे टेस्टर लोकांना ऐकवतोय आणि काकांच्या बेसमेंटमध्ये साफ विसरलो. फरक डायचा असेल तर त्या डायच्या पुढच्या सगळ्या नाण्यांवर तो त्याच जागी, त्याच आकारात असलाच पाहिजे. नाण्यावर उठून आलेली बारीक रेघ म्हणजे बहुधा डायची चीर किंवा डायवरचा ओरखडा, कारण डायमध्ये जे खोल ते नाण्यावर उंच. नाण्यावर खोल गेलेली रेघ म्हणजे बहुधा नंतर कोणीतरी ओरबाडलेलं. आणि उठून आलेलं असूनही पुसलं जात असेल तर तो ऑइलपेंट. हे शेवटचं कुठल्या पुस्तकात नाही, माझी भर समजा.

'डबल डाय' नावाखाली तर कहरच चालतो. अक्षरं दुहेरी दिसली की लोक नाचायला लागतात. खरं डबलिंग होतं ते डाय बनवताना. पंच एकदा दाबला, परत दाबताना जरा सरकला, तर डायमध्येच दोन प्रतिमा बसतात. मग नाण्यावर अक्षर जाड होतं, टोकाशी त्याला चक्क दुभंगलेली खाच दिसते. पण दणका देताना डाय ढिला असेल आणि हलला, तर ताजं अक्षर एका बाजूने चेपलं जातं, त्याला पायरीसारखी सपाट कड येते, आणि अक्षर जाड व्हायच्या ऐवजी बारीक होतं. हे दुसरं म्हणजे त्या एका दणक्याचा अपघात. बाजारात दोन्ही एकाच नावाने विकतात. मी स्वतः एक असं घेतलंय, किती डॉलरला ते सांगत नाही, बायको हा ब्लॉग वाचते.

आता इथे माझ्या मताला एक अडचण आहे, ती लपवत नाही. १९४७चा खरा ठिपका (माझा नव्हे, खरा) एकाहून अनेक नाण्यांवर दिसतो. म्हणजे रिप्रोड्यूस होतो. म्हणजे डायचा आहे. पण तो कोणी ठेवला? बहुतेक जाणकार मानतात की कोणीच नाही, डाय खराब होऊन आपोआप उमटला. मग १९३६चा ठिपका आणि १९४७चा ठिपका एकाच जातीचे कसे? एक म्हणजे टांकसाळीने घेतलेला निर्णय, दुसरा म्हणजे पोलादाचं दुखणं. भिंगाखाली दोन्ही सारखेच गोल.

यावर नेहमीचं उत्तर असतं की फरक दिसतो ना, मग जमवा, कारण कशाला हवं? आणि त्यांच्या बाजूने सगळ्यात गोड उदाहरण आहे आर्नप्रायर डॉलरचं. कॅनडाच्या चांदीच्या डॉलरवर एक कनू आहे, दोन माणसं ती वल्हवतायत, खाली पाण्याच्या रेघा. १९५५च्या डिसेंबरात ओटावाजवळच्या आर्नप्रायर गावातल्या एका कंपनीने कामगारांना नाताळला वाटायला २,००० डॉलर मागवले. त्यातल्या काहींवर कनूच्या उजवीकडच्या पाण्याच्या रेघा अर्ध्यामुर्ध्या, दीडच दिसतात. कारण? डाय जास्त घासून पॉलिश केला, बारीक रेघा पुसल्या गेल्या. बस. कोणाचा निर्णय नाही, कोणाची कल्पना नाही. घासणाऱ्याचा हात जड पडला. पण गावाचं नाव मिळालं, गोष्ट मिळाली, आणि आज तो वेगळ्या किमतीला विकतो. मग १९५०च्या डॉलरमध्येही अशा तुटक रेघा सापडल्या, तर त्यांनाही लोक आर्नप्रायरच म्हणायला लागले! त्या गावाचा आणि १९५०चा काय संबंध?

मला आर्नप्रायर आवडतो. खोटं कशाला बोलू, मिळाला तर घेईन. त्यात निदान गोष्ट तरी आहे. पण त्याच वाटेने आज काय चाललंय, तर डायची प्रत्येक चीर, प्रत्येक टवका, ग्रीस भरल्यामुळे पुसट झालेलं प्रत्येक अक्षर 'दुर्मिळ व्हरायटी' म्हणून पुढे येतं. झिजणाऱ्या डायला दर तासाला नवीन चेहरा असतो. तसं मोजायला गेलं तर प्रत्येक नाणं दुर्मिळ आहे, आणि मग 'दुर्मिळ' या शब्दात काही उरत नाही. कॅटलॉगवाल्यांनी फार काही करू नये, प्रत्येक नोंदीपुढे एक शब्द लिहावा: मुद्दाम, चुकून की झिजून. किंमत काय ती लोक ठरवतील.

'चुकून' आणि 'झिजून' यातसुद्धा फरक आहे बरं का. माझा सगळ्यात आवडता 'चुकून' १८५९चा. तेव्हा कॅनडा देश नव्हता, प्रॉव्हिन्स ऑफ कॅनडा होता, आणि नाणी लंडनच्या रॉयल मिंटमध्ये पाडायचे. बरोबर एक कोटी सेंट पाडले. त्यातल्या फक्त ४ लाख २१ हजारांवर १८५८ आहे, बाकी सगळे १८५९. त्या काळी तारखेचे आकडे डायवर हाताने ठोकून बसवत. एकेक आकड्याचा छोटा पंच, हातोडी, आणि एक माणूस. त्यामुळे काही सेंटवर ९च्या पोटात आधीचा ८ दिसतो, म्हणजे १८५८चे तयार डाय वाया घालवायचे नव्हते. काहींवर ९ दोनदा ठोकलेला, पहिला वाकडा पडला म्हणून. काही ९ रुंद, काही अरुंद. भिंगातून बघताना त्या माणसाचा हात दिसतो हो! दिवसभर आकडे ठोकून कंटाळलेला, संध्याकाळी जरा चुकलेला. डायची चीर बघताना मला कोणीच दिसत नाही.

काकांच्या बरणीत १८५९चा सेंट असणं शक्यच नव्हतं. ते मोठे, इंचभर रुंदीचे सेंट. १९२०मध्ये कॅनडाने सेंट लहान केला आणि मोठे हळूहळू दिसेनासे झाले. एक मी नंतर त्याच म्हाताऱ्या दुकानदाराकडून घेतला, अरुंद ९चा, साधा. स्वस्तात मिळाला.

आता पंधरा ऑगस्ट.

ठिपक्याची फजिती झाल्यावर काकांना सांगायचं कसं म्हणून मी एक वीकेंड टाळला. दुसऱ्या वीकेंडला गेलो ते थेट बेसमेंटमध्ये, सेंटच्या बरणीतले उरलेले १९४७चे वेगळे करत बसलो. तिथे एक सेंट सापडला ज्याच्या तारखेशेजारी अगदी छोटं मेपलचं पान होतं. या वेळी मी शहाणा झालो होतो. घासून पाहिलं. असिटोनमध्ये टाकलं. आणि दुसरं नाणं शोधलं. मिळालं! तसंच पान, त्याच जागी.

हे पान का आलं? सहाव्या जॉर्जच्या कॅनडाच्या नाण्यांवर त्याच्या चेहऱ्याभोवती लॅटिनमध्ये लिहिलेलं असायचं: जॉर्जिअस सहावा, देवाच्या कृपेने राजा, आणि 'इंड. इंप.', म्हणजे हिंदुस्थानचा सम्राट. १५ ऑगस्ट १९४७ ला आपण त्या 'इंड. इंप.'मधला दम काढून घेतला. ते शब्द काढायला हवेत हे ठरलं, पण नवे साचे लंडनहून यायचे, ते वेळेत आले नाहीत. १९४८ उजाडलं, लोकांना चिल्लर तर हवी. मग ओटावाने जुने 'इंड. इंप.'वालेच डाय चालवले, तारीख १९४७च ठेवली आणि शेजारी हे एवढंसं पान दिलं. याचा अर्थ, हे नाणं १९४८चं आहे, आम्हाला माहीत आहे की हा आता तुमचा सम्राट नाही, जरा थांबा, साचा यायचाय. सम्राट ही पदवी राजाने रीतसर सोडली ती २२ जून १९४८ ला. १९४८च्या नव्या नाण्यांवर 'इंड. इंप.' नाही. ते साचे इतके उशिरा आले की १९४८चे चांदीचे डॉलर फक्त १८,७८० निघाले.

आणि आपल्याकडे? आपल्या १९४७च्या वाघवाल्या रुपयावर छाप्याच्या बाजूला 'किंग एम्परर' तसंच होतं, आणि आपली स्वतःची नाणी आली ती १९५०मध्ये. म्हणजे हिंदुस्थानच्या सम्राटाला नाण्यावरून हटवायची घाई कॅनडाने आपल्याआधी केली. मला हे शाळेत कोणी सांगितलं नव्हतं.

पानाचे सेंट ४ कोटींच्या वर पाडले, त्यामुळे किंमत जवळजवळ काही नाही. त्यातही लोकांनी ७च्या शेपटीचं टोक टोकदार की बोथट अशा दोन व्हरायटी केल्यात, आणि चर्चा बहुतेक वेळा त्या शेपटीचीच असते. चालायचंच.

वर जाऊन काकांना दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या. ठिपका ऑइलपेंट होता. आणि हे पान. ऑइलपेंटवर ते काही बोलले नाहीत, काकू मात्र "मी तेव्हाच म्हटलं होतं, बरणीला झाकण लावा" म्हणाली. काकांनी भिंग मागून घेतलं. सेंट खिडकीच्या उजेडात धरला, आधी पानाची बाजू, मग राजाची. 'इंड. इंप.' सापडायला त्यांना वेळ लागला, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. बराच वेळ बघत होते.

"हा सेंट मी कोणालातरी दिलाही असेल मधे," ते म्हणाले. "आणि परत आला असेल."

"असेल."

"नाशिकला फोन लाव."

लावला. ठिपक्याचं त्यांनी स्वतःच आधी सांगून टाकलं, मग पानाचं. तिकडून भाऊ काहीतरी विचारत होता, बहुतेक किंमत. "दीडदमडी," काका म्हणाले, आणि खूप वेळ हसले.

परत यायच्या आदल्या दिवशी मी विचारलं, "काका, पानाचे दोन आहेत, एक मला द्याल का?" त्यांनी ते बीव्हरचं पाच सेंट माझ्या हातावर ठेवलं, बिनठिपक्याचं. पानाचे दोन्ही सेंट शर्टाच्या खिशात होते. तिथेच राहिले.